ग्रँड ज्युरी कोणाला दोषी ठरवत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारच्या अंकात परदेशच्या बातम्यांच्या पानावर 'ग्रँड ज्युरीने दोषी ठरवले' असा चार कॉलमी मथळा होता. बातमी अमेरिकेतल्या कोणा माणसाची. त्याच्याशी माझे काही देणेघेणे नाही, पण मथळा वाचता वाचता चहा निवून गेला. बडोद्याच्या कोर्टात मी चौतीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची एकोणीस बेंच क्लार्क म्हणून. आरोप आणि दोष यांच्यात किती अंतर असते ते रोज डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या घराची तर नऊ वर्षे त्या अंतरात गेली. म्हणून हे पत्र. लांबेल, माफ करा.

ग्रँड ज्युरी कोणालाही दोषी ठरवत नाही. तिला तो अधिकारच नाही. सरकारी वकील तिच्यापुढे पुरावा ठेवतो आणि या माणसावर खटला चालवण्याइतके काही आहे का, एवढेच ती सांगते. आहे म्हणाली तर खटला उभा राहतो. दोषी की निर्दोष हा निवाडा पुढे कधीतरी, न्यायाधीशासमोर, दोन्ही बाजूंचे वकील भांडून झाल्यावर, बारा जणांची वेगळीच ज्युरी देते. ट्रम्पसाहेबांचेच घ्या. मॅनहॅटनच्या ग्रँड ज्युरीने त्यांच्यावर आरोप ठेवला ३० मार्च २०२३ ला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरसागर तलावाच्या पाळीवर आमच्या मंडळींनी त्यांना तुरुंगातही धाडून दिले होते. ज्युरीने त्यांना ३४ आरोपांवर दोषी ठरवले ते ३० मे २०२४ ला. मधले चौदा महिने कायद्याच्या नजरेत ते निर्दोषच होते. आपल्याला माणूस आवडो न आवडो.

माझे हे ज्ञान सुरुवातीला पुस्तकी नव्हते. थोरली मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. तिकडची नागरिक झाली आणि दोनच वर्षांत घरी समन्स आले. समन्स म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, तर ती हसते आहे. मतदारयादी, गाडी चालवण्याचे लायसन्स, कर भरणाऱ्यांची यादी यांतून काउंटीवाले नावे काढतात, त्यात हिचे निघाले. दर बुधवारी न्यू ब्रुन्सविकच्या कोर्टात जाऊन बसायचे, असे बरेच आठवडे. ऑफिसने रजा दिली. द्यावीच लागते.

ती रोज सकाळी गाडीतून फोन करते, तेव्हा इकडे आमची दिवेलागण झालेली असते. पहिल्या बुधवारनंतरच्या गुरुवारी मी उत्साहाने विचारले, "काल काय झालं गं कोर्टात?"

"आई, ते विचारू नकोस."

"म्हणजे?"

"शपथ घेतली आहे. आत जे ऐकलं ते बाहेर सांगायचं नाही."

मला राग आला. जिची आई वर्षानुवर्षे रोजकाम, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद, लिहीत बसली ती पोरगी आईला कोर्टातली गोष्ट सांगत नाही! जावईबापूंना गाठले, तर ते म्हणाले, "आई, मलाही नाही सांगत. रात्री भांडी मशीनमध्ये लावताना हातात कप धरून नुसती उभी राहिली की मी ओळखतो, आज काहीतरी ऐकून आली आहे." तिच्याबरोबर कोण कोण बसते हेसुद्धा तिने आजवर सांगितलेले नाही. मी मग नाद सोडला. आणि खरे सांगू, थोडा अभिमानही वाटला. आमच्याकडे कोर्टात दुपारी झालेली गोष्ट संध्याकाळी न्यायमंदिरासमोरच्या चहाच्या लारीवर मसाल्यासकट मिळायची.

खटल्यांबद्दल गप्प, पण रीत कशी असते ते तिने मोकळेपणी सांगितले. ते काही गुपित नाही. तिच्या ज्युरीत तेवीस माणसे. न्यायाधीश शपथ देतात आणि जातात, पुढे त्या खोलीत न्यायाधीश नसतात. असतो तो सरकारी वकील, एका वेळी एक साक्षीदार (बहुतेक वेळा पोलीसच) आणि नोंद घेणारे यंत्र किंवा माणूस. आरोपी नाही. आरोपीचा वकील नाही. ज्युरीतल्या कोणालाही प्रश्न विचारता येतो. मग ज्युरीवाले सोडून सगळे बाहेर. बारा मते पडली की आरोप पक्का. पुढची फाईल.

'पुढची फाईल' ती सहज बोलून गेली आणि मला माझे टेबल दिसले. सकाळच्या बोर्डावर साठ मॅटर, त्यातली चाळीस 'मुदत' (म्हणजे पुढची तारीख) लिहून दुपारच्या आत उरकायची. कंटाळा सगळीकडचा सारखाच असावा. फक्त आमच्याकडे आरोपी कठड्यात उभा असायचा. त्याला बोलू देत किंवा न देत, पण त्याचा चेहरा दिसायचा. समोर माणूस नसताना पुढची फाईल म्हणणे किती सोपे होत असेल, हा विचार मला झोपताना आला.

मग मी वाचायला लागले. निवृत्त माणसाला दुसरे काम काय! अमेरिकेच्या राज्यघटनेतली पाचवी दुरुस्ती १७९१ ची. तिच्यात म्हटले आहे की मोठ्या गुन्ह्यासाठी ग्रँड ज्युरीने आरोप ठेवल्याशिवाय कोणाला जबाबदार धरता येणार नाही, लष्करातले काही अपवाद सोडून. केंद्र सरकारच्या, म्हणजे फेडरल खटल्यांत १६ ते २३ माणसे बसतात आणि निदान १२ जणांची संमती लागते. राज्यांवर मात्र ही सक्ती नाही. कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने १८८४ मध्येच तसे सांगून टाकले. म्हणून सुमारे निम्म्या राज्यांत मोठा गुन्हा ग्रँड ज्युरीतूनच जातो आणि बाकीच्यांत न्यायाधीशापुढे प्राथमिक सुनावणी होऊन काम भागते. ही पद्धत निघाली इंग्लंडात, बाराव्या शतकात, दुसऱ्या हेन्री राजाच्या वेळी. गंमत म्हणजे इंग्लंडने ती १९३३ मध्ये जवळजवळ मोडीत काढली. आजेसासूबाईंची पैठणी सुनेने जपावी आणि खुद्द त्यांच्या माहेरी तिची पोतेरी व्हावीत, तसे काहीसे.

माझ्यासारखीला धक्का बसतो तो पुराव्याच्या नियमांनी. ऐकीव पुरावा म्हटले की आमच्या कोर्टात वकील ताडकन उभे राहत. ग्रँड ज्युरीपुढे तो चालतो, निव्वळ ऐकीव माहितीवरही आरोप ठेवता येतो, असे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९५६ मध्ये कॉस्टेलोच्या खटल्यात सांगितले. आरोपीच्या बाजूचा पुरावा सरकारी वकिलाच्या हातात असला तरी तो ज्युरीला दाखवलाच पाहिजे असे नाही, हे १९९२ च्या विल्यम्स खटल्यात. साक्षीदाराचा वकीलही फेडरल ग्रँड ज्युरीच्या खोलीत येऊ शकत नाही. सल्ला हवा तर साक्षीदाराने उठून व्हरांड्यात जायचे, विचारून परत यायचे, पुन्हा प्रश्न आला की पुन्हा व्हरांडा. आमच्या पट्टेवाल्याने तिसऱ्या खेपेला दारच उघडले नसते.

म्हणून तर न्यूयॉर्क राज्याचे सरन्यायाधीश सॉल वॉक्टलर १९८५ मध्ये म्हणून गेले की सरकारी वकिलाने मनावर घेतले तर ग्रँड ज्युरी हॅम सँडविचवरसुद्धा आरोप ठेवील. बडोद्याच्या भाषेत, सेव-उसळच्या ताटलीवर. पुढे याच वॉक्टलरसाहेबांवर फेडरल ग्रँड ज्युरीने आरोप ठेवला आणि ते तुरुंगात जाऊन आले, ही वर दैवाची थट्टा. त्यांचे म्हणणे नुसती कोटी नव्हती. २०१० या एका वर्षात फेडरल सरकारी वकिलांनी सुमारे १,६२,००० प्रकरणे चालवली, आणि ग्रँड ज्युरीने नाही म्हटले ते ११ वेळा. अकरा! एवढा गुणी शिक्का कोर्टाचे सामान सांभाळणाऱ्या आमच्या नाझरच्या कपाटातही नव्हता.

पण शिक्काच समजून सोडून द्यावे तर तेही खरे नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला एकाने केंद्राच्या अधिकाऱ्यावर सँडविच फेकून मारले. सरकारने मोठा गुन्हा लावायचा म्हटले, ग्रँड ज्युरीने नाही म्हटले. मग किरकोळ गुन्ह्याखाली खटला भरला, त्यातही साध्या ज्युरीने नोव्हेंबरात त्याला सोडले. वॉक्टलरच्या सँडविचने चाळीस वर्षांनी सूड उगवला म्हणायचा.

आणि एक उदाहरण खास तुमच्या धंद्यातले. न्यूयॉर्कमध्ये १७३४ साली पीटर झेंगर नावाचा छापखानेवाला गव्हर्नरावर टीका करणारे वर्तमानपत्र छापत होता. गव्हर्नराला त्याला अडकवायचे होते, पण ग्रँड ज्युरीने आरोप ठेवायला नकार दिला. तेव्हा ग्रँड ज्युरीला वळसा घालून सरकारी वकिलाने थेट फिर्याद ठोकली. झेंगर महिनोन्‌महिने कोठडीत होता, १७३५ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. नाही म्हणणारे लोक मधे उभे असले की सरकारला निदान आडवाटेने जावे लागते, आणि ती आडवाट सगळ्यांना दिसते.

आपल्याला हे सगळे परके वाटायचे कारण नाही. ज्युरी म्हटले की आपल्याला एकोणीसशे एकोणसाठचा नानावटी खटला तेवढा आठवतो, ती निवाडा देणारी ज्युरी. पण कंपनीच्या काळात मुंबईत ग्रँड ज्युरीही बसत असे, आधी फक्त गोऱ्यांची. १८३२ च्या कायद्याने तिचे दार हिंदी लोकांना उघडले, आणि त्या हक्कासाठी खटपट करणाऱ्यांत आपले नाना शंकरशेट होते. मुंबईकरांना नाना रेल्वेमुळे आठवतात. मला ते यासाठीही आठवावेत असे वाटते.

आता आमच्या बडोद्याचे. दांडिया बाजारातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, मल्हारराव महाराजांची गादी का गेली? उत्तर येईल, रेसिडेंटला, म्हणजे इंग्रज सरकारच्या इथल्या प्रतिनिधीला, विष घातले म्हणून. कर्नल फेअरच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप होता, १८७४ च्या नोव्हेंबरातला. पुढच्या वर्षी चौकशीला कमिशन बसले. तीन इंग्रज आणि तीन आपले : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने सार्जंट बॅलंटाइन हे वकील लंडनहून आले, त्यांनी साक्षीदारांची भर कमिशनात उलटतपासणी घेतली. शेवटी मते पडली तीन विरुद्ध तीन. इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, आपल्या तिघांना नाही. आणि पदच्युतीच्या जाहीरनाम्यात सरकारने विषप्रयोग सिद्ध झाला असे म्हटलेच नाही, कारण दिले राज्यकारभारातल्या अनागोंदीचे. मल्हारराव काही साधुपुरुष नव्हते, ते असो. पण दीडशे वर्षे झाली तरी आमच्याकडे तोंडातोंडी आहे ते 'विष घातले म्हणून'. आरोप एकदा सुटला की त्याला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

गुजराती कोर्टात यासाठी चांगला शब्द आहे, तहोमतनामुं. पोलीस देतात ते चार्जशीट, आणि ते वाचून कोर्ट जो आरोप ठेवते ते तहोमतनामुं. आपल्या मराठीत तोहमत म्हटले की खोट्या आळाचा वास येतो, म्हणून तो इथे चालणार नाही हे मलाही कळते. पण निदान 'आरोप' हा शब्द तर फुकट आहे ना?

आता घरचे सांगते. माझे धाकटे दीर एका पतपेढीचे मानद खजिनदार होते. कर्जवाटपात गोंधळ निघाला, फिर्याद झाली, संचालक मंडळातल्या सगळ्यांची नावे त्यात गेली. चार्जशीट दाखल झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात (कोणत्या ते सांगत नाही) भाऊजींचा फोटो आणि खाली 'अपहार करणारे खजिनदार'. 'आरोपी' नाही, 'संशयित' नाही. पुतणीचे लग्न ठरले होते. मुलाकडच्यांनी आठ दिवसांनी फोन केला, पत्रिका नीट जुळत नाही म्हणाले. पत्रिका तर त्यांच्याच गुरुजींनी जुळवली होती.

त्यांची केस आमच्याच न्यायमंदिरात, वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात चालली. त्यामुळे माझी पंचाईत अशी की मी तिकडे फिरकणे बरे दिसले नसते. मुदतीच्या दिवशी भाऊजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, डबा घेऊन यायचे आणि जिन्याखालच्या बाकावर बसायचे. मी फायलींचा गठ्ठा घेऊन समोरून जायची आणि आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नसू. एकदा त्यांच्या नावाची पुकार झाली तेव्हा मी माझ्या टेबलाशी रोजकाम लिहीत होते. पट्टेवाल्याचा आवाज त्या उंच घुमटाखाली असा घुमला की छताशी बसलेली कबुतरे भर्रकन उडाली. पेन थांबले. साहेबांनी विचारले, "काय झालं, बेन?" मी म्हटले, काही नाही, शाई.

नऊ वर्षे. मग एक नवे मॅजिस्ट्रेट आले. त्यांनी भाऊजींचा कलम २३९ खालचा आरोपमुक्तीचा अर्ज काढून कागद खरोखर वाचले. भाऊजींची सही वार्षिक हिशेबांवर होती, कर्जाच्या एकाही कागदावर नव्हती. डिस्चार्ज. आरोपच ठेवला नाही. म्हणजे ग्रँड ज्युरीच्या भाषेत, तेवीस जणांनी मान हलवून नाही म्हटले. फक्त आमच्याकडे ते नऊ वर्षांनी झाले, आणि तोवर सगळ्या गावाने होय म्हटलेले होते.

इथे मला त्या बंद खोलीची दुसरी बाजू कळली. अमेरिकेत ही गुप्तता पाळण्याची जी कारणे सांगतात, त्यातले एक असे की ज्याच्यावर आरोप ठेवायचा नाही असे ठरले, त्याचे नाव चव्हाट्यावर येऊ नये. आधी अटक होऊन बोभाटा झाला नसेल तर शेजाऱ्यालाही कळत नाही की याची फाईल कुठे उघडली होती आणि मिटली. माझी मुलगी भांडी लावताना गप्प उभी राहते ती कदाचित अशाच कोणाच्या भाऊजींसाठी. मी तिला म्हटले, काकांचे कागद तुमच्या खोलीत आले असते तर किती बरे झाले असते! ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, काकांची सही कर्जाच्या कागदांवर नाही, हे आम्हाला सांगणार कोण? काका तर खोलीत नसते."

तिच्या न्यू जर्सीत त्याची थोडी सोय आहे. निर्दोषत्व थेट आणि स्पष्ट दाखवणारा पुरावा सरकारी वकिलाने ग्रँड ज्युरीपासून लपवू नये, असे त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये सांगितले. फेडरल कोर्टांत तेवढेही बंधन नाही. पण न्यू जर्सीतही पुरावा स्पष्ट आहे की नाही ते आधी पाहणार सरकारी वकीलच. तेव्हा मी काही ग्रँड ज्युरी आणा म्हणणाऱ्यांतली नाही. मॅजिस्ट्रेटने कागद पहिल्याच वर्षी वाचावेत, मला तेवढे पुरे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सेशन्सच्या खटल्यात आरोपाबाबतच्या पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत आरोप ठेवावा असे घातले आहे. पाळले जाते का ते आता माझ्या जागी बसलेल्यांना विचारा.

तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे. पुढच्या वेळी 'ग्रँड ज्युरीने आरोप ठेवला' असे छापा. 'दोषी ठरवले'इतकीच अक्षरे लागतात, चार कॉलमांत बसते. आणि मंगळवारच्या मथळ्याची दुरुस्ती करणार असाल तर तीही त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात करा. भाऊजींच्या फोटोची बातमी पहिल्या पानावर होती. सुटकेची बातमी आली ती सातव्या पानावर, सोन्याचांदीच्या भावांखाली, चार ओळींत, आणि त्यांच्या आडनावात एक चूक होती. दोन्ही कात्रणे मी एकाच पाकिटात ठेवली आहेत.

आपली,
एक निवृत्त बेंच क्लार्क
दांडिया बाजार, वडोदरा

ता. क. : कृपया माझे नाव छापू नये. पुतणीच्या सासरी तुमचा अंक येतो.